नऊचौकटीचा ब्लॉक साडेनऊ इंच भरत नाही, कोपरेही जुळत नाहीत

धांदोटी
एकाआड एक मांडणीची गोधडी शिवायला घेतली आहे : एक नऊ चौकटींचा ब्लॉक, शेजारी एक साधा चौकोन. चौकटी साडेतीन इंची कापल्या, शिवण पाव इंच. हिशोबाने ब्लॉक साडेनऊ इंच भरायला हवा. भरतोय सव्वानऊ, दोन-चार तर त्याहूनही किंचित कमी. साधे चौकोन साडेनऊचे कापून ठेवलेत, ते ब्लॉकला लावले की दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाहेर डोकावतात. शिवाय ब्लॉकच्या आतले चार सांधे एकमेकांसमोर येत नाहीत. कापड केंब्रिक, गडद निळे छापील आणि फिके बदामी. काळे पायमशीन, १४ नंबरची सुई. ओढून-ताणून जोडावेत की सगळे उसवावेत? आणि चूक शोधायची कुठून?

दोन_सूत
ओढून अजिबात जोडू नका. ओढलेला ब्लॉक पहिल्या धुण्यात आपल्या मूळ मापावर जातो आणि साधा चौकोन मध्ये फुगून राहतो. अस्तर लागल्यावर तर तिथे सुरकुतीच शिवली जाते.

आधी हिशोब. तीन चौकटींच्या ओळीत दोन शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडची माया (टिपेपासून कडेपर्यंतचे कापड) जाते, म्हणजे चार माया. ३ गुणिले साडेतीन म्हणजे साडेदहा, त्यातून चार वेळा पाव इंच वजा, उरले साडेनऊ. तुमचे सव्वानऊ उरतात, म्हणजे चार मायांत मिळून दोन सूत जास्त गेले. चारांनी भागले की एका मायेत अर्धा सूत. तुमची शिवण दोन सुतांऐवजी अडीच सुतांवर पडते आहे. अर्धा सूत डोळ्याला दिसत नाही, म्हणून शिवताना सगळे बरोबरच वाटते.

अर्धा सूत जातो कुठे, त्याच्या तीन जागा आहेत : कापणी, टीप आणि इस्त्री. याच क्रमाने तपासा. ब्लॉक न उसवता, उरलेल्या सुट्या चौकटींपैकी दहा एकावर एक रचा. कडा एका रेषेत आल्या तर कापणी ठीक. एखादी आत-बाहेर दिसली तर मशीनला दोष देण्यात अर्थ नाही.

मग टिपेची चाचणी. दीड इंच रुंद आणि चारेक इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा, लांबीच्या बाजूने जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी उलगडून बरोबर १ इंच दिसली पाहिजे आणि तिन्ही मिळून रुंदी साडेतीन इंच. मधली पट्टी इंचापेक्षा अरुंद आली तर माया जास्त जाते आहे, रुंद आली तर कमी. ही चाचणी प्रत्येक नव्या कापडाला आणि प्रत्येक नव्या दाबपट्टीला (सुईपाशी कापड दाबून धरते ती) करायची.

शिवणघर
वरच्या हिशोबाला एक जोड. बरोबर पाव इंचावर टीप मारली तरी ब्लॉक थोडा कमीच भरतो. शिवण एका बाजूला दुमडली की घडीच्या वळणात कापडाची जाडी खर्च होते. केंब्रिकला ती जेमतेम एक धागा, खादीला दोन धागे. म्हणून टीप पाव इंचाच्या एक धागा आत, म्हणजे कडेकडे सरकवून मारायची. पाव इंच मायेत नाही, उलगडलेल्या चौकटीवर मोजायचा असतो. चौकट उलगडून तीन इंच दिसली की माया बरोबर, मग मायेवर मोजपट्टी काय दाखवते ते बघू नका.

काळ्या मशीनच्या दाबपट्टीची कड म्हणजे पाव इंच, असे धरून पुष्कळ जण शिवतात. तसे नसते. दाबपट्ट्या वेगवेगळ्या रुंदीच्या येतात. कड सुईपासून तीन सुतांवर असली तर आख्खी गोधडी लहान होते.

खूण अशी करा. कागदाच्या सरळ कडेपासून पाव इंचावर, पण एक धागा कमी धरून, टोकदार पेन्सिलने रेघ मारा. कागद दाबपट्टीखाली ठेवा आणि हाताने चाक फिरवून सुई बरोबर त्या रेघेत उतरवा. दाबपट्टी खाली टाका. कागद दाबपट्टीला समांतर आहे ना ते पाहा, आणि त्याच्या उजव्या कडेला चिकटून मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचे पाच-सहा थर द्या. एकच थर दिला तर कापड त्यावर चढते; थर जाड असले की कड भिंतीसारखी अडवते. खालून कापड पुढे सरकवणारे दाते झाकले जाणार नाहीत एवढे बघा. आता नजर सुईवर ठेवायची नाही, त्या भिंतीवर ठेवायची.

काळ्या मशीनचा मोठा फायदा असा की तिच्या पाट्याला सुईपुरते एकच गोल भोक असते. झिगझॅग मशीनच्या लांबट भोकात चौकटीचा कोपरा ओढला जाऊन गुंतवळ होते. ते टाळायला दोन्ही मशीनवर आधी एका चिंधीवर चार टाके घालायचे आणि न तोडता त्यावरूनच पहिल्या चौकटीत शिरायचे. टाका इंचाला ११-१२ पडेल असा ठेवा. त्याहून मोठा ठेवला तर कडेला शिवण सुटते, कारण इथे आपण उलट टाका देत नाही. फार बारीक ठेवला तर उसवताना कापड फाटते. सुईचे म्हणाल तर १४ नंबर केंब्रिकला चालते, वायल किंवा रुबियासारखे पातळ कापड असेल तर ११ घाला.

उरेब
कापणीकडे कोणी फार लक्ष देत नाही, पण अर्धी चूक तिथेच होते.

पुठ्ठ्याचा साचा वापरत असाल तर पंधरा-वीस चौकटींनंतर त्याचे कोपरे झिजून गोल होतात आणि पेन्सिल आत सरकते. जुनी एक्स-रे फिल्म कापून साचा करा, ती झिजत नाही आणि आरपार दिसत असल्याने छापाचे फूल मध्यावर आणता येते. पेन्सिलच्या रेघेलाही रुंदी असते. रेघेच्या बाहेरून कापले तर चौकट प्रत्येक बाजूला रेघेएवढी वाढते. रेघ कापडावर राहता कामा नये, कात्री रेघेच्या आतल्या कडेने चालवा. खडू तर वापरूच नका, त्याची रेघ अर्ध्या सुताची होते.

शिंप्याच्या टेपने चौकटी मोजू नका. कापडी टेप वापरून ताणला जातो. टोकाच्या पत्र्यापासून मोजायला सुरुवात केली तर तिथेही फरक पडू शकतो. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकच स्टीलची किंवा अ‍ॅक्रिलिकची पट्टी. दोन पट्ट्यांच्या इंचांत फरक असतो, तो शेजारी ठेवून बघितला की कळतो.

आणि धागा बघा. चौकटीच्या कडा उभ्या-आडव्या धाग्याला समांतर हव्यात. कापड दोन्ही हातांनी किनारीच्या दिशेने ओढले तर ताणत नाही, पन्ह्याच्या दिशेने थोडे ताणते, आणि तिरपे म्हणजे उरेब ओढले तर रबरासारखे वाढते. चिंधीतून कशीही तिरकी कापलेली चौकट मापात बरोबर असली तरी इस्त्रीखाली तिचा समांतरभुज होतो. धागा ओळखायला काठाची चिंधी नसेल तर कडेचा एक धागा ओढून काढा, जिथे रेघ उमटेल तो धागा.

वाकळवाली
पट्ट्या फाडून काढल्या तर धागा आपोआप सरळ येतो की. केंब्रिक, पोपलीन छान फाटते.

उरेब
फाटते, पण फाडलेली कड सुतभर ओढली जाऊन लहरते आणि कडेचे दोन-तीन धागे सुटे होतात. पाव इंच मायेला ती कड धरून शिवणे धोक्याचे. थानातून मोठे तुकडे वेगळे करायला फाडा, कडा इस्त्रीने सपाट करा, मग चौकटी कात्रीने किंवा रोटरी कटरने कापा. छापील कापडात आणखी एक भानगड : छाप धाग्याला सरळ नसतो. चौकडीचा किंवा पट्ट्यांचा छाप असेल तर फाडल्यावर नक्षी तिरकी दिसते. तिथे धाग्याऐवजी छापाला मान द्या, आणि अशा चौकटी थोडी खळ देऊन कडक करून शिवा.

धांदोटी
दहा चौकटी रचून पाहिल्या, कापणी जुळते आहे. तीन पट्ट्यांच्या चाचणीत मधली पट्टी इंचाला सूतभर कमी. म्हणजे चूक टिपेत. आता कोपऱ्यांचे सांगा. इस्त्री सगळ्या शिवणी उघडून, मधोमध पसरवून करत होते.

दोन_सूत
मधल्या पट्टीला दोन माया, दोन्हींत अर्धा-अर्धा सूत, म्हणून सूतभर कमी. ब्लॉकचा हिशोब तंतोतंत जुळला.

शिवणघर
कोपऱ्यांसाठी शिवण एका बाजूला पाडा. उघडलेल्या शिवणींना एकमेकींना धरून ठेवायला काही नसते, त्या सपाट कागदासारख्या घसरतात. शिवाय शिवण मधोमध उघडली की सगळा भार दोऱ्यावर येतो. रोज पांघरायच्या गोधडीला ते बरे नाही.

नियम एवढाच : शिवण गडद चौकटीकडे पाडायची. तुमच्या ब्लॉकमध्ये चार कोपरे आणि मध्य निळा धरला तर पहिली ओळ निळा-बदामी-निळा. तिच्या दोन्ही शिवणी बाहेर, निळ्याकडे. दुसरी ओळ बदामी-निळा-बदामी. तिच्या दोन्ही आत, निळ्याकडे. तिसरी पहिलीसारखी. आता पहिल्या ओळीवर दुसरी ओळ उलटी ठेवली की एका सांध्यावर वरची शिवण एका बाजूला आणि खालची तिच्या विरुद्ध बाजूला पडलेली असते. जाड भाग जाड भागाला टेकतो.

हे बोटांनी कळते. दोन्ही ओळी कडेला जुळवून सांधा अंगठा आणि तर्जनीत धरा आणि वरचे कापड किंचित पुढे-मागे सरकवा. आधी दोन उंचवटे एकमेकांवर चढल्यासारखे जाड लागेल. मग एका जागी वरचा उंचवटा खालच्याच्या बाजूला खाली बसतो आणि चिमटीतली जाडी एकदम सारखी होते. तिथे थांबा. टाचणी सांध्याच्या अलीकडे, शिवणीच्या दुमडीतून घाला, कडेला काटकोनात. सुई तिथे पोचण्याआधी टाचणी काढा. टाचणीवरून टीप नेली की सुई अर्धा सूत सरकते आणि सगळी मेहनत वाया जाते.

ओळ मशीनखाली घालताना वरच्या कापडाची शिवण सुईकडे तोंड करून पडलेली असावी. मग दाबपट्टी तिला पुढे ढकलते आणि ती खालच्या शिवणीवर आणखी घट्ट बसते. उलटे असेल तर दाबपट्टी दोघींना वेगळे करते. एका ओळीत दोन सांधे असतात, दोन्हींना हे एकाच वेळी साधत नाही. जिथे साधणार नाही त्या सांध्याला टाचणी नक्की.

आता इस्त्री. ओळ शिवली की न उलगडता, जशी आहे तशीच, टिपेवर इस्त्री टेकवा. दोरा कापडात बसतो. मग गडद चौकट वर ठेवून उलगडा, नखाने घडी दाबा आणि इस्त्री वरून खाली टेकवत जा. घासू नका. घासले की चौकट लांबते आणि शिवणीजवळ बारीक घडी राहून जाते. ती घडी म्हणजे एक-एक धाग्याने हरवलेले माप. तुमच्या अर्ध्या सुतातला थोडा वाटा तिचाही असेल. सुलट बाजूने शिवणीच्या खाचेत नख फिरवून बघा.

पताका
शिवताना चौकटींच्या जोड्या एकामागून एक, दोरा न तोडता घाला. मध्ये तीन-चार रिकामे टाके पडतात. पताकांची माळ तयार होते, मग एकदम कात्री. दोरा वाचतो, कोपरे गुंतत नाहीत, आणि सगळ्या जोड्या एकाच लयीत शिवल्या जात असल्याने माया सारखी पडते. जोड्या रचताना एक साधा ब्लॉक मांडून समोर ठेवा, नाहीतर बदामी डावीकडे की उजवीकडे याचा घोळ होतो.

माप_आणि_मीटर
एकाआड एक मांडणीत चारही कोपऱ्यांवर नऊचौकटी हवी असेल तर ब्लॉकची संख्या दोन्ही बाजूंना विषम ठेवा. ७ आडवे, ९ उभे : एकूण ६३, त्यात नऊचौकटी ३२ आणि साधे ३१. ब्लॉक शिवून ९ इंच धरला तर ६३ बाय ८१ इंच, एका माणसाला भरपूर.

सुट्या चौकटी कापण्यापेक्षा पट्ट्या आधी जोडा, काम निम्मे होते. पन्ह्याभर लांब, साडेतीन इंच रुंद पट्ट्या. निळा-बदामी-निळा असे सहा संच आणि बदामी-निळा-बदामी असे तीन संच शिवा. शिवणी निळ्याकडे पाडा. मग संच आडवा ठेवून साडेतीन-साडेतीन इंचांचे काप काढा, एका संचात ४४ इंची पन्ह्यातून ११ काप नक्की निघतात. एका ब्लॉकला पहिल्या संचाचे दोन काप आणि दुसऱ्याचा एक. ३२ ब्लॉकना ६४ आणि ३२ काप लागतात, सहा संचांतून ६६ आणि तीन संचांतून ३३ मिळतात.

पट्ट्या झाल्या निळ्या १५, बदामी १२. धुऊन आटण्याची सोय धरून निळे दीड मीटर, बदामी सव्वा मीटर. साध्या चौकोनांना साडेनऊ इंची पट्टीतून चार निघतात, म्हणजे आठ पट्ट्या. सव्वादोन मीटर घ्या.

काप काढताना मोजपट्टी कडेला नाही, आतल्या शिवणीला काटकोनात धरा. लांब संच शिवताना धनुष्यासारखा वाकतो. तो टाळायला दुसरी शिवण पहिलीच्या उलट टोकाकडून सुरू करा. दर तीन-चार कापांनंतर काटकोन पुन्हा बघा, एक काप तिरका गेला की पुढचे सगळे तिरके.

वाकळवाली
हे सगळे नव्या कापडाचे झाले. जुन्या सुती साड्यांच्या चौकटी करणाऱ्यांसाठी वेगळे लिहिते, कारण तिथे पाव इंच चालत नाही.

साडी उजेडाकडे धरा. जिथे जाळी दिसते तो भाग सोडा. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या घोळात ती जास्त झिजते. पदर आणि काठाजवळचा भाग बहुधा शाबूत असतो. उरलेल्या भागात दोन्ही अंगठे टेकवून ताणा, टर्र आवाज आला तर तो तुकडा वर घेऊ नका, आतल्या थराला वापरा. वरच्या चौकटींना माया तीन सूत धरा, म्हणजे तीन इंची चौकटीला पावणेचार इंच कापायचे. झिजलेल्या कापडाचे धागे कडेने सुटतात आणि दोन सुतांची शिवण दोन-तीन धुण्यांत उघडी पडते.

नवे केंब्रिक आणि जुनी साडी एका ब्लॉकमध्ये घेऊ नका. नव्याला दुकानाची खळ असते, ती धुतली की ते आटते, साडी आधीच आटून बसलेली असते. घ्यायचेच तर नवे कापड गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा.

सुती आहे की मिसळीचे, हे कळत नसेल तर एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटावर मऊ. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. तसली चौकट सुती इस्त्रीच्या तापमानाला आकसते आणि ब्लॉक मध्येच ओढला जातो.

खणाच्या चौकटींनाही हाच त्रास, कडा फार सुटतात. कापण्याआधी मागून पातळ फ्यूजिंग चिकटवा, वर सुती फडके ठेवून मंद इस्त्री. आणि खणाच्या नक्षीची दिशा सगळीकडे एकच ठेवा, उजेड वेगळ्या अंगाने पडला की त्याच रंगाच्या दोन चौकटी दोन रंगांच्या दिसतात.

पताका
रंग जाण्याचेही लिहा. गडद निळ्याशेजारी बदामी म्हणजे जपायला हवे. निळे कापड मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावे.

उरेब
मीठ इथे उपयोगाचे नाही. रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घातले की रंग धाग्यात शिरायला मदत होते. रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मिठाने बसत नाही, तो धुऊन काढावा लागतो. गडद कापड वेगळे, गरम साबणाच्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ओल्या कापडाचा कोपरा पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उमटला तर पुन्हा धुवा. चार-पाच धुण्यांनंतरही उमटत असेल तर ते कापड बदामीशेजारी घेऊ नका.

ओहायोची_थंडी
इकडे अमेरिकेत कापलेल्या ५ इंची चौकटींची पाकिटे मिळतात, त्यांच्या कडा नागमोडी कापलेल्या असतात. कुणी भारतात घेऊन गेले असेल तर आधी मोजा : ५ इंच हे टोकापासून टोकापर्यंत आहे की खाचेपासून. बहुधा टोकापासून असते, मग मशीनच्या भिंतीला टोके टेकवायची.

या चौकटींचा एक सोपा आणि देखणा प्रकार सांगते. नऊ चौकटी जोडा, ब्लॉक १४ इंच भरेल. तो उभा आणि आडवा बरोबर मधोमध कापा, ७ इंचांचे चार तुकडे होतील. तिरपे समोरासमोरचे दोन तुकडे अर्धा फेरा फिरवा आणि चारही पुन्हा जोडा, साडेतेरा. मधल्या चौकटीचे चार लहान तुकडे होऊन विखुरतात आणि पाहणाऱ्याला वाटते की तीन मापांच्या चौकटी कापल्या होत्या. मध्याला सगळ्यात गडद रंग ठेवला तर उठून दिसतो. चुकते ते एवढ्यातच की कापण्याआधी ब्लॉक नीट इस्त्री केलेला नसतो आणि मधोमधची रेघ मधल्या चौकटीच्या मधून जात नाही. ब्लॉकच्या कडेवरून मोजू नका, मधल्या चौकटीच्या दोन्ही शिवणींपासून सव्वादोन-सव्वादोन इंच मोजा.

धाव_दोरा
मशीन नसलेल्यांसाठी. हाताने जोडताना साचा शिवलेल्या मापाचा करा, म्हणजे तीन इंचाचा. तो कापडाच्या उलट बाजूवर ठेवून रेघ मारा आणि अंदाजे दोन सूत सोडून कापा. इथे कड नाही, रेघ महत्त्वाची. दोन चौकटींच्या रेघा टाचणीने आरपार जुळवा, कोपऱ्याच्या बिंदूपासून बिंदूपर्यंतच धावदोरा घाला, मायेत शिरू नका. इंचाला ८-१० टाके, दर इंचाला एक उलट टाका. दोरा हातभर, लांब घेतला की पीळ पडतो. माया मोकळी राहिल्यामुळे सांध्यावर चारही शिवणी भिरभिऱ्यासारख्या एकाच दिशेने फिरवून पाडता येतात आणि मध्ये गाठ येत नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, मात्र याहून निराळी. तिथे आधी वरचा भाग जोडून मग थर लावणे नाहीच. साडीच्या अस्तरावर कडेपासून सुरुवात, तुकडा ठेवला, कड आत दुमडली, धावदोरा घातला, पुढचा तुकडा, असे फिरत-फिरत मध्याकडे. जोडणे आणि टाचणे एकदमच होते. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तिकोनांची 'फुला' लावतात. त्यात अर्ध्या सुताचा प्रश्नच येत नाही. नऊचौकटी करायची तर कवंदीची मोकळीक तिला लावू नये, दोन्ही पद्धती आपापल्या जागी.

पताका
नऊचौकटीतच चांदणी करता येते. मध्य गडद, चार कोपरे फिके, आणि बाजूंच्या चार जागी अर्धे गडद-अर्धे फिके तिकोन. तिकोन वेगळे कापून जोडू नका, तिरपी कड ताणते. एक गडद, एक फिका चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा, कर्णाची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन सुतांवर टीप मारा, मग रेघेवर कापा. दोन तिकोनी चौकटी तयार. नेमके माप शिवलेल्या मापात सात सूत मिळवून येते. पण इंचभर मिळवा, म्हणजे तीन इंचांसाठी ४ इंची चौकोन घ्या आणि शिवल्यावर साडेतीनला छाटा. छाटताना मोजपट्टीवरची तिरपी रेघ शिवणीवर ठेवायची. चारही तिकोन एकाच दिशेने फिरतात ना ते ओळी शिवण्याआधी मांडून बघा.

धांदोटी
चिकटपट्टीची भिंत घातली. पुन्हा तीन पट्ट्या शिवल्या, मधली बरोबर १ इंच. नवे चार ब्लॉक साडेनऊ भरले आणि सांधे जुळले. आता जुने सव्वानऊवाले १४ ब्लॉक तयार आहेत. उसवू का?

दोन_सूत
आधी मोजून तीन गठ्ठे करा : सव्वानऊ, त्याहून कमी, साडेनऊ. एक सूतही इकडे-तिकडे धरू नका.

एकाआड एक मांडणीत नऊचौकटीच्या आतल्या शिवणी साध्या चौकोनातल्या कशाशीच जुळवायच्या नसतात, फक्त बाहेरचे माप सारखे हवे. सगळी गोधडी सव्वानऊची केली तरी बिघडत नाही : जुन्याच खुणेवर पुढचे ब्लॉक शिवायचे आणि साधे चौकोन सव्वानऊला छाटायचे. शिवून पावणेनऊ इंचाचा ब्लॉक, गोधडी सव्वाएकसष्ट बाय पावणेएकोणऐंशी. पण तुमची मशीन आता सुधारली आहे, चार ब्लॉक बरोबर आहेत आणि वरच्या ३२ च्या हिशोबाने अजून १४ करायचे आहेत. मी उसवेन. प्रत्येक ब्लॉकच्या फक्त दोन शिवणी, ओळी जोडणाऱ्या, उसवून चालणार नाही, चौकटींच्या जोडण्याही उसवाव्या लागतील. १४ ब्लॉकना दोन संध्याकाळी.

नऊचौकटीचे ब्लॉक साडेनऊवरून सव्वानऊला मात्र छाटू नका. बाहेरच्या आठ चौकटी मधलीपेक्षा अरुंद होतात आणि ते लांबूनही दिसते.

शिवणघर
उसवताना कापड फाकवून दोरा तोडू नका, तिरपे ताणून चौकट बिघडते. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापा, उलटी करा, दुसऱ्या बाजूचा दोरा सरळ ओढला की निघून येतो. मग पाण्याचा हात लावून इस्त्री करा, सुईची भोके मिटतात.

ओळी जोडताना नऊचौकटी आणि साधा चौकोन यांच्यातली शिवण कायम साध्याकडे पाडा. एकाआड एक असल्याने शेजारच्या ओळीत ती आपोआप उलट दिशेला येते आणि मोठे सांधेही बसतात. दोन तुकड्यांत दोन-तीन धाग्यांचा फरक राहिला तर लांब असलेला खाली, दात्यांकडे ठेवा. दाते खालचे कापड जास्त ओढतात, फरक टिपेत मुरतो. सुतापेक्षा जास्त फरक असेल तर मुरवू नका, ब्लॉक मोजा.

धांदोटी
उसवायला घेतले. शेवटचे एक : वर आठ-आठ पदर आलेल्या सांध्यांतून गोधडीचा धावदोरा जातो का?

धाव_दोरा
हाताने जात नाही, सुई वाकते. धावदोरा शिवणीवरून न घालता शिवणीपासून दोन सूत आत, प्रत्येक चौकटीच्या भोवतीने घाला. शिवण ज्या बाजूला पाडली त्या बाजूला माया संपते तिथून पुढे सुई हलकी चालते. सांध्यापाशी आलात की सुई आतल्या थरातून सरकवून पलीकडच्या चौकटीत काढा. त्याआधी अस्तर, मधला थर आणि वरचा भाग मध्यापासून बाहेर वीत-वीत अंतरावर कच्च्या टाक्यांनी धरा. अस्तर चारही बाजूंना दोन इंच मोठे ठेवा. टाके घालता-घालता वरचा भाग बाहेर सरकतो आणि कडेला अस्तर अपुरे पडले तर मगजी (कडेभोवती शिवायची पट्टी) बसत नाही.